व्यायामाची छोटी खोली आणि कोविड : गैरसमज आणि वस्तुस्थिती

कोविडच्या साथीत छोट्या व्यायामवर्गांची सर्वाधिक मेहनत पुसापुशीत गेली. डंबेल्स, मॅट, दाराची मूठ, सगळे पुन्हा पुन्हा पुसले की खोली सुरक्षित झाली, असा समज होता. वस्तूंना हात लागून संसर्ग होणे अशक्य नाही, पण अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने एप्रिल २०२१ मध्ये दिलेल्या अंदाजानुसार दूषित पृष्ठभागाच्या एका स्पर्शातून लागण होण्याची शक्यता सर्वसाधारणपणे १०,००० मध्ये १ पेक्षाही कमी असते. स्वच्छता हवीच, घामट मॅटवरून त्वचेचे इतर रोग पसरतात. कोविडचा मुख्य धोका मात्र खोलीतल्या हवेत असतो.

व्यायामाने तो कितीतरी पटींनी वाढतो. स्वस्थ बसलेला माणूस मिनिटाला साधारण ६ ते ८ लिटर हवा आत घेतो. जोरदार व्यायामात हे प्रमाण १०० लिटरच्या पुढे जाऊ शकते. जर्मनीत झालेल्या आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात विश्रांतीच्या वेळी मिनिटाला सरासरी ५८० सूक्ष्मकण बाहेर पडत होते, तर दमछाक होईपर्यंत सायकल मारल्यावर सुमारे ७६,०००. मध्यम व्यायामापर्यंत ही वाढ बेताची होती; त्यापुढे ती एकदम उसळली.

दक्षिण कोरियातल्या चेओनान शहरात याचा अनुभव आधीच आला होता. १५ फेब्रुवारी २०२० रोजी तिथे नृत्यव्यायामाच्या २७ प्रशिक्षकांची कार्यशाळा झाली आणि त्यांतले ८ जण पुढे बाधित निघाले. ९ मार्चपर्यंत १२ व्यायामकेंद्रांतल्या वर्गांशी जोडलेले ११२ रुग्ण सापडले. वर्गात ५ ते २२ जण, खोली सुमारे ६० चौरस मीटरची. बाधित प्रशिक्षकांपैकी एक पिलाटेस आणि योग शिकवत; त्या ७-८ जणांच्या वर्गात कुणालाच लागण झाली नाही. संथ व्यायामामुळे हा फरक पडला असावा, असे अभ्यासकांचे अनुमान आहे. यावरून सगळाच योग निर्धोक ठरत नाही. भस्त्रिका, कपालभातीत श्वास जोराने बाहेर टाकला जातो. साथीत या क्रिया गच्चीवर किंवा मैदानातच कराव्यात.

‘सहा फुटांचे अंतर ठेवले की पुरे’ हा समज शिकागोतल्या एका केंद्राने खोटा ठरवला. ऑगस्ट-सप्टेंबर २०२० मध्ये तिथे वर्गात क्षमतेच्या २५ टक्क्यांपर्यंतच माणसे होती, मॅट सहा-सहा फुटांवर होत्या, दारात ताप तपासला जाई. तरी जोरदार व्यायामाच्या वर्गांना आलेल्या ८१ जणांपैकी ५५ जण बाधित झाले. व्यायाम करताना मास्क काढायची मुभा होती. मोठे थेंब जवळच पडतात; सूक्ष्मकण हवेत तरंगत खोलीभर जातात. कपाळावर धरलेली तापाची बंदूकही मर्यादित उपयोगाची, कारण लक्षणे दिसण्याच्या एक-दोन दिवस आधीच माणूस संसर्ग पसरवू लागतो.

एसीबद्दलचा समज जास्त घातक आहे. थंडगार हवा म्हणजे ताजी हवा नव्हे. नेहमीचा स्प्लिट एसी खोलीतलीच हवा फिरवतो, बाहेरची आणत नाही. समोरासमोरच्या खिडक्या उघडणे, एक्झॉस्ट पंखा चालू ठेवणे, दोन तुकड्यांमध्ये खोली रिकामी ठेवून हवा खेळू देणे, हे उपाय त्याहून मोलाचे. कार्बन डायऑक्साइडचा मापक लावला तर अंदाज बांधता येतो : बाहेरच्या हवेत हा वायू दशलक्ष भागांत सुमारे ४२० असतो, खोलीत तो ८०० च्या वर राहू लागला की माणसे कमी करावीत किंवा वायुवीजन वाढवावे.

केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या ऑगस्ट २०२० च्या सूचनांत माणशी ४ चौरस मीटर जागा आणि स्वतःची मॅट आणण्याचा सल्ला होता. व्यायाम करताना शक्यतो चेहऱ्यावर व्हायझर लावावे, असेही त्यांत होते. पण व्हायझर समोरून येणारे थेंब अडवते, कडेने शिरणारी हवा नाही. मास्कने रक्तातला प्राणवायू धोकादायकरीत्या घटतो, ही भीती निरोगी माणसांवरील चाचण्यांत खरी ठरली नाही. दम लवकर लागतो, कापड घामाने भिजते, हे खरे. म्हणून बंद खोलीत मास्क लावून झेपेल इतपतच व्यायाम ठेवणे शहाणपणाचे.

दारात अंगावर जंतुनाशक फवारणे निरुपयोगी आणि अपायकारक आहे. १८ एप्रिल २०२० रोजी मंत्रालयाने त्याविरुद्ध सल्ला दिला होता. कापूर-ओव्याची पुरचुंडी हुंगल्याने नाक मोकळे झाल्यासारखे वाटते, प्राणवायू वाढत नाही. बंद खोलीत धूप जाळला तर दमलेल्या फुफ्फुसांत धूरच जातो.

आजारी माणसाने घरी थांबणे हा उपाय सर्वांत साधा, पण तोच सर्वांत जास्त मोडला जातो. शिकागोच्या त्या बाधितांपैकी २२ जण लक्षणे सुरू झालेल्या दिवशी किंवा त्यानंतरही वर्गाला आले होते. भरलेली फी वाया जाणार असेल, तर घसा खवखवत असतानाही माणूस येतो. म्हणून बुडालेले दिवस पुढच्या महिन्यात वळते करण्याचा नियम असावा, आणि प्रशिक्षक आजारी पडल्यास त्याचा पगार कापला जाऊ नये.