छिन्नमनस्कता आणि डोळ्यांच्या हालचाली

डोके स्थिर ठेवा आणि समोरच्या कोऱ्या भिंतीवरून नजर डावीकडून उजवीकडे संथपणे सरकवून पाहा. शेजारच्या मित्राला तुमचे डोळे पाहायला सांगा. ते सरकत नाहीत, उड्या मारतात. आता मित्राने पेन हळूहळू सरकवावे आणि तुम्ही त्याच्या टोकाकडे पाहत राहावे. या वेळी डोळे सलग फिरतील. उडीला सॅकेड म्हणतात आणि हलत्या वस्तूमागे सलग फिरण्याला अनुसरण हालचाल.

डीफेनडॉर्फ आणि डॉज यांनी १९०८ साली मनोरुग्णांना झुलता लंबक पाहायला लावून त्यांच्या डोळ्यांच्या हालचालींची छायाचित्रे घेतली. 'डिमेन्शिया प्रीकॉक्स' (आजच्या छिन्नमनस्कतेचे जुने नाव) असलेल्या रुग्णांत ही अनुसरण हालचाल बिघडलेली आढळली. डोळ्यांचा वेग लंबकापेक्षा कमी पडे आणि राहिलेले अंतर छोट्या सॅकेडने भरून काढावे लागे. डोळ्याचा वेग भागिले वस्तूचा वेग या गुणोत्तराला गेन म्हणतात. निरोगी व्यक्तीत वस्तू फार वेगवान नसेल तर ते १ च्या जवळ असते.

हा औषधांचा परिणाम असेल, अशी शंका तुम्हाला येईल. शंका रास्त आहे, कारण काही औषधे डोळ्यांची गती खरोखर बदलतात. पण १९०८ चे वर्ष पुन्हा पाहा. पहिले प्रतिमनोविकारी औषध, क्लोरप्रोमाझिन, १९५० च्या दशकात आले. पुढे फिलिप होल्झमन आणि सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये हा विसरला गेलेला विषय पुन्हा हाती घेतला आणि १९७४ मध्ये रुग्णांच्या जवळच्या नातेवाइकांची तपासणी प्रसिद्ध केली. आजार नसलेल्या अनेक नातेवाइकांतही तोच दोष सर्वसामान्यांपेक्षा जास्त प्रमाणात दिसला. म्हणून हा दोष आनुवंशिक जोखमीची खूण, म्हणजे एंडोफेनोटाइप, मानला जातो.

मग रुग्णाला हलती वस्तू नीट दिसत नाही का? केवळ तेवढेच नाही. डोळ्यांकडून आलेली माहिती वापरायला मेंदूला सुमारे दशांश सेकंद लागतो, त्यामुळे वस्तू पुढे कुठे असेल याचा अंदाज त्याला सतत बांधावा लागतो. वस्तू क्षणभर लपवली तरी निरोगी डोळे त्या अंदाजावर फिरत राहतात. रुग्णांत हा वेग अधिक घसरतो. इथे कपाळामागच्या भागातील फ्रंटल आय फील्डचा संबंध येतो. अँटिसॅकेड चाचणीत ठिपका दिसताच त्याच्या विरुद्ध बाजूला पाहायचे असते. त्यातही रुग्णांची नजर ठिपक्याकडेच अधिक वेळा जाते.

तरीही ही निदानाची चाचणी नव्हे. द्विध्रुवी विकारात, पार्किन्सनमध्ये, दारूच्या अमलाखाली, लिथियम घेणाऱ्यांतही अनुसरण बिघडते, आणि काही पूर्ण निरोगी माणसांतही. पेनच्या प्रयोगात मित्राचे डोळे अडखळले, तर तो बहुधा रात्री उशिरापर्यंत जागला असेल.