दाण्यांपाशी आलेला कोवळा शिक्रा

अंगणात चिमण्यांसाठी दाणे ठेवता? मग कधीतरी शिक्रा येणारच, दाण्यांसाठी नव्हे, चिमण्यांसाठी! पाठ तपकिरी आणि छातीवर उभे, थेंबांसारखे ठिपके असतील तर तो यंदाचा कोवळा पक्षी. प्रौढाची पाठ राखाडी, छातीवर बारीक आडव्या तांबूस रेघा. पावशाही पुष्कळसा असाच दिसतो, म्हणून चोच नीट पाहा. शिक्र्याची आखूड आणि टोकाशी खाली वळलेली असते.

फोटो खिडकीआडूनच घ्या. खोलीतला दिवा बंद, लेन्स काचेला भिडवलेली, फोकस डोळ्यावर. बसलेल्या पक्ष्याला १/५०० शटर स्पीड पुरतो, झेपेला १/२००० तरी हवाच. कोवळ्या पक्ष्याची शिकार अनेकदा हुकते आणि तो जवळच्याच फांदीवर टेकतो. कॅमेरा तयार ठेवा!