उतावळे मूत्राशय

दिल्लीच्या करोल बागेतील तिब्बिया महाविद्यालयात आयुर्वेद व युनानी अशा दोन्ही वैद्यकांचे शिक्षण मिळते. हकीम अजमल खान यांनी उभारलेल्या या संस्थेचे उद्घाटन १९२१ साली महात्मा गांधींच्या हस्ते झाले. तेथील संशोधनशाळेत सलीमुझ्झमान सिद्दिकी यांनी सर्पगंधेच्या मुळीतून एक शुद्ध द्रव्य वेगळे केले व १९३१ साली त्याला हकीमसाहेबांच्या स्मरणार्थ अजमलीन असे नाव दिले. मुळी उगाळून देण्यापाशी न थांबता तिच्यातील कोणते द्रव्य कोणत्या पेशीवर काय करते, हे विचारण्याची ती पद्धती होती. अजमलीनचे कार्य हृदयाच्या पेशींवर चालते. आपला आजचा विषय त्याहून खालच्या आणि काहीशा संकोचाच्या अवयवाचा आहे. परंतु तिकडे जाण्याची वाट हीच.

कुंपणाशी उगवणारा धोतरा आपल्या परिचयाचा आहे. त्याची विषबाधा झाली की तोंडाला कोरड पडते, डोळ्यांच्या बाहुल्या विस्फारतात आणि लघवी अडते. तोंड, डोळा व मूत्राशय यांचा परस्परांशी काय संबंध? तो कळला तर अतिसक्रिय मूत्राशय या विकाराचे अर्धे रहस्य उलगडते.

या विकारात लघवीची भावना हळूहळू न येता एकाएकी आणि अनावर येते. दिवसा वारंवार जावे लागते, रात्री झोपमोड होते, कित्येकांना वाटेतच थेंब सुटतात; आणि तपासणीत जंतुसंसर्ग किंवा दुसरे उघड कारण आढळत नाही. रुग्ण ही गोष्ट घरच्यांपाशीही बोलत नाही. खरेदीसाठी बाजारात जायचे म्हणून सकाळपासून पाणी न पिणारी गृहिणी, प्रवासाला व समारंभाला नकार देणारे आजोबा, ही माणसे वयाला दोष देऊन गप्प बसतात. दोष बहुधा पेशींच्या संभाषणात असतो.

मूत्राशय ही केवळ पिशवी नव्हे. तिच्या आतल्या अस्तराच्या सर्वांत वरच्या थरात मोठ्या, पसरट अशा छत्रपेशी असतात. मूत्र साठू लागले की त्या आपल्या पोटातील घड्या पृष्ठभागाशी आणून जोडतात व पसरतात. त्यामुळे अस्तर फाटत नाही आणि मूत्र आत झिरपत नाही. ताण वाढला की अस्तराच्या पेशी एटीपी नावाचे द्रव्य बाहेर सोडतात. एटीपी हे पेशीतील ऊर्जेचे चलन म्हणून शाळेत शिकविले जाते. येथे मात्र ते निरोप्याचे काम करते व शेजारच्या संवेदक मज्जातंतूंना जागे करते. ताण ओळखणाऱ्या पिएझो प्रथिनांचा शोध आर्देम पातापूतियान यांच्या प्रयोगशाळेने २०१० साली लावला; त्यांना २०२१ सालच्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. यांपैकी पिएझो-२ हे प्रथिन ज्यांच्यात जन्मतःच निकामी असते, अशा माणसांना मूत्राशय भरल्याची जाणीव नीट होत नाही, असे २०२० साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. कित्येकांना घड्याळ पाहूनच जावे लागते. उतावळ्या मूत्राशयाची गोष्ट याच्या उलट: तेथे थोड्याशा भरण्यानेही पूर भरल्याचा निरोप जातो.

अस्तराबाहेर स्नायूचा थर आहे. त्याचे लॅटिन नाव डिट्रूझर, म्हणजे ढकलून देणारा. मराठी प्रतिशब्द घडविण्याचा मोह मी आवरला. अर्थ कळला की पुरे. मूत्र साठत असताना नॉरअॅड्रेनलीन हे द्रव्य या स्नायूच्या बीटा-३ ग्राहींवर बसून त्याला सैल ठेवते. वेळ आली की मज्जातंतूंच्या टोकांतून अॅसिटिलकोलीन सुटते, ते एम-३ नावाच्या ग्राहींना चिकटते, पेशीत कॅल्शियमचे प्रमाण वाढते आणि स्नायू आवळतो. एम-३ ग्राही लाळग्रंथींतही असतात आणि बाहुली आकुंचित करणाऱ्या स्नायूतही. धोतऱ्यातील अॅट्रोपीन या साऱ्या दारांना एकदम कडी लावते. कोड्याचे उत्तर ते हे!

मग बिघाड कोठे होतो? अॅलिसन ब्रेडिंग या संशोधिकेने १९९७ साली असे मांडले की, स्नायूतील मज्जातंतूंची काही टोके नष्ट झाली की मागे राहिलेल्या पेशी अतिसंवेदनशील होतात व आपली उत्तेजना शेजारणींना देऊ लागतात. मग वरून हुकूम नसतानाही स्नायू आवळू लागतो. दुसरे संशोधक अस्तरालाच अधिक दोष देतात. माझ्या मते हा वाद सुटण्याची वाट पाहण्याचे कारण नाही. दोन्ही बिघाड निरनिराळ्या रुग्णांत असू शकतात.

औषधेही या दोन दारांपाशीच काम करतात. एम-३ अडविणारी औषधे जुनी आहेत. त्यांनी तोंड कोरडे पडते, बद्धकोष्ठ होते, आणि वृद्धांत कधी बुद्धीला गोंधळ येतो. मिराबेग्रॉन हे बीटा-३ ग्राहींना चेतविणारे औषध जपानमध्ये २०११ साली व अमेरिकेत २०१२ साली मान्य झाले. त्याने तोंड तितके कोरडे पडत नाही, मात्र रक्तदाबावर लक्ष ठेवावे लागते.

औषधाआधी बहुधा सवयीचा उपाय सुचविला जातो: भावना आली तरी काही मिनिटे थांबावे आणि हा अवधी आठवड्यागणिक वाढवावा. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सातव्या अध्यायाचे नावच ‘नवेगान्धारणीय’ आहे. तेव्हा वेग अडवू नये ही शिकवण आठवून कोणी बिचकेल. पण भरलेले मूत्राशय तासन् तास दाबून धरणे वेगळे, आणि अर्धेही न भरलेल्या मूत्राशयाच्या खोट्या हाकेला थोडे थांबविणे वेगळे. पाणी तोडणे मात्र दोन्ही दृष्टींनी वाईट, कारण दाट मूत्र अस्तराला चेतविते. लघवीत रक्त, जळजळ किंवा सोबत अतिशय तहान असेल, तर सवयीचे प्रयोग बाजूला ठेवून आधी डॉक्टरांकडून मूत्र व रक्तातील साखर तपासून घ्यावी.