गुडघा नवा, पण पावलाचा भरवसा?



आपल्या गटांमध्ये पन्नाशी-साठी ओलांडलेल्या सदस्या खूप आहेत. उभी हयात निंदणी-खुरपणीत, डोक्यावर हंडे वाहण्यात, चुलीपुढे उकिडवं बसण्यात गेली. आता गुडघे बोलायला लागलेत. काहींचं ऑपरेशन झालंय, काहींना डॉक्टरांनी सांगितलंय, काही "बघू दिवाळीनंतर" म्हणून ढकलतायत.

गावभेटीला गेले की ऑपरेशन झालेल्या मावश्यांकडून एकच वाक्य ऐकू येतं, "दुखणं गेलं गं, पण पाय टाकायला भ्या वाटतं." टाके सुकले, एक्स-रे चांगला आला, डॉक्टर म्हणाले चाला, तरी मावशी घरातच. म्हणून या अंकात ऑपरेशनच्या खर्चाबद्दल नाही, तर ऑपरेशननंतर तोल आणि भरवसा परत कसा आणायचा त्याबद्दल लिहितेय.

आधी समजून घेऊ, बदलतात काय?

आपण सगळ्या "वाटी बदलली" म्हणतो. खरं तर वाटी म्हणजे गुडघ्याच्या पुढचं छोटं गोल हाड. ऑपरेशनमध्ये मांडीच्या हाडाचं खालचं टोक आणि नडगीच्या हाडाचं वरचं टोक, जिथे झीज झालेली असते, तिथला पातळ थर काढतात आणि त्यावर धातूचं आवरण बसवतात. दोन्हींच्या मध्ये एका खास टणक प्लास्टिकची गादी असते. वाटीच्या आतल्या बाजूला कधी प्लास्टिक बसवतात, कधी नाही. म्हणजे अख्खा पाय कापून नवा लावतात, ही जी भीती गावात आहे, ती काढून टाका.

मग तोल का जातो?

आपला तोल तीन गोष्टी सांभाळतात. एक डोळे. दोन, कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग. तीन, तळपाय, स्नायू आणि सांधे यांच्याकडून मेंदूला जाणारा निरोप. आता बसल्या जागी डोळे मिटून बघा. गुडघा वाकलेला आहे की सरळ, हे न बघताही कळतं ना? तो हाच निरोप.

गुडघा झिजला की हा निरोप बिघडतो. ऑपरेशनमध्ये झिजलेला भाग जातो, आणि बऱ्याच प्रकारच्या ऑपरेशनमध्ये गुडघ्याच्या आतली पुढची दोरीसुद्धा काढावी लागते. त्यामुळे नव्या गुडघ्याकडून निरोप नीट यायला वेळ लागतो.

दुसरं कारण मांडीचा पुढचा मोठा स्नायू. दुखतं म्हणून आपण तो पाय वर्षानुवर्षं वाचवलेला असतो, म्हणून तो आधीच बारीक झालेला असतो. ऑपरेशनच्या सुजेमुळे तो आणखी झोपतो. हाच स्नायू गुडघा ताठ धरतो. तो कमजोर असला की गुडघा अचानक मोडल्यासारखा वाटतो.

तिसरं कारण सवय. इतकी वर्षं सगळा भार चांगल्या पायावर टाकून, डुलत डुलत चाललो. दुखणं गेलं तरी ती चाल जात नाही.

आणि चौथी, भीती. भीती वाटली की चालणं कमी होतं. चालणं कमी झालं की स्नायू आणखी कमजोर होतो, मग तोल जास्त जातो आणि भीती वाढते. हे चक्र कुठेतरी तोडावं लागतं. औषधाच्या गोळीने ते तुटत नाही, रोजच्या सरावाने तुटतं.

किती दिवस लागतात?

बहुतेक ठिकाणी त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभं करतात. पुढे वॉकरवरून काठीवर यायला काही आठवडे जातात. साधारण ६ आठवडे ते ३ महिन्यांत घरातली रोजची कामं जमायला लागतात. पण ताकद आणि तोल सुधारणं वर्षभर चालू राहतं. सूज काही महिने येत-जात राहते, टाक्यांच्या बाहेरच्या बाजूला बधिर वाटतं, हे नेहमीचं आहे. शेजारणीचं दोन महिन्यांत झालं आणि माझं का नाही, अशी तुलना करू नका. वय, वजन, साखर, आधीची ताकद, प्रत्येकीचं वेगळं असतं.

सराव कसा करायचा?

खालचे व्यायाम साधारणपणे सांगितले जातात. तरी तुमच्या डॉक्टरांना किंवा फिजिओथेरपिस्टना विचारूनच पुढच्या पायरीवर जा. जिल्हा रुग्णालयात फिजिओथेरपी विभाग असतो, डिस्चार्जचा कागद घेऊन तिथे दाखवता येतं.

*पहिली पायरी, खाटेवर:*
- पावलं वर-खाली हलवायची. जागेपणी दर तासाला थोडा वेळ. यामुळे पायातलं रक्त फिरतं राहतं.
- पाय सरळ ठेवून गुडघा खाटेवर दाबायचा, मांडी घट्ट करायची, मनात पाचपर्यंत मोजून सोडायची. असं दहा वेळा.
- टाच खाटेवरून घासत आपल्याकडे ओढायची, गुडघा वाकवायचा, परत सरळ करायचा.
- झोपताना गुडघ्याखाली उशी घेऊ नका. बरं वाटतं, पण गुडघा वाकलेलाच राहतो आणि नंतर सरळ होत नाही.

*दुसरी पायरी, ओट्याला धरून:*
- दोन्ही हातांनी ओटा धरायचा. भार हळूच डाव्या पायावर, मग उजव्या पायावर. नव्या गुडघ्यावर भार टाकायची भीती इथेच जाते.
- टाचा उचलून चवड्यांवर उभं राहायचं, हळूच खाली यायचं.
- जागच्या जागी एकेक पाय उचलायचा.
- उंच, हात असलेल्या खुर्चीवरून उठायचं-बसायचं. आधी हाताच्या आधाराने, मग आधार कमी करत. बसताना धपकन बसू नका, सावकाश. ताकद सावकाश बसण्यातूनच येते.

*तिसरी पायरी, तोलाची:*
- एका पावलाच्या पुढे दुसरं पाऊल, टाचेला चवडा लावून उभं राहायचं. दहा मोजायचे.
- भिंतीला हात लावून आडवं चालायचं, दोन्ही बाजूंना.
- एका पायावर उभं राहायचं. सुरुवातीला दोन-तीन आकडे मोजता आले तरी पुष्कळ. दहापर्यंत हळूहळू जायचं.

तिसऱ्या पायरीचे व्यायाम करताना पुढे ओटा, मागे खुर्ची आणि घरात कुणीतरी माणूस हवंच.

व्यायामानंतर थोडं ठणकणार. पण दुसऱ्या दिवशी सकाळी सूज आणि दुखणं वाढलेलं असेल तर काल जास्त झालं असं समजा आणि आज कमी करा. बंद मात्र करू नका. सूज असेल तर फडक्यात गुंडाळून बर्फ १५-२० मिनिटं ठेवा. उघडा बर्फ कातडीवर नको.

काठी आणि पायऱ्या

काठी नेहमी ऑपरेशनच्या उलट बाजूच्या हातात धरायची. डावा गुडघा बदलला तर काठी उजव्या हातात. बऱ्याच मावश्या ती ऑपरेशनच्याच बाजूला धरतात. त्याने भार उलट त्याच पायावर जातो.

पायऱ्यांसाठी एकच गोष्ट पाठ करा. चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा पाय आधी. एका पायरीवर दोन्ही पाय आले की मगच पुढची. घराच्या उंबऱ्यालाही हाच नियम.

चालताना नजर पावलाकडे न ठेवता चार-पाच हात पुढे ठेवा. खाली बघत चाललं की अंग पुढे झुकतं आणि तोल जातो.

घरात कुठे पडतो आपण?

गटातल्या दोघी-तिघींनी मिळून ऑपरेशन झालेल्या ताईच्या घरी एक चक्कर मारा आणि एवढं बघा:

- मोरी आणि न्हाणीत शेवाळ, साबणाचं पाणी आहे का? घासून खरखरीत करा. भिंतीला पक्का दांडा बसवता आला तर उत्तम. अंघोळ स्टुलावर बसून.
- शौचालय खाली बसायचं असेल तर कमोडची खुर्ची लागेल. ही सोय ऑपरेशनच्या आधीच करा, नंतर धावपळ होते.
- वाटेत गोधडी, पोती, पायपुसणं, चार्जरची वायर पडलेली नको.
- रात्री उठायच्या वाटेवर उजेड हवा. लाइट जाते म्हणून उशाशी बॅटरी.
- साडी घोट्याच्या वर. परकर लोंबता नको. चप्पल मागे पट्टा असलेली.
- ओल्या सारवणावर, सडा टाकलेल्या अंगणात, गोठ्यातल्या शेणात एकटीने जायचं नाही.
- मोबाइल बटव्यात घालून कमरेला. पडलात तर घाईने उठू नका, आधी हाक मारा. उठवणाऱ्यांनीही हाताला धरून ओढू नये, जवळ खुर्ची आणून तिच्या आधाराने उठवावं.

जमिनीवर मांडी घालणं, उकिडवं बसणं बहुतेक डॉक्टर टाळायला सांगतात. सपाट चालायला गुडघा साधारण ६५-७० अंश वाकावा लागतो, पायऱ्यांना ९० च्या आसपास, उकिडवं बसायला मात्र त्याहून खूप जास्त. म्हणून विळीऐवजी ओट्यावर चाकू, चुलीऐवजी उभ्याने शेगडी, आणि शेतात बसून करायची खुरपणी दुसऱ्या कुणाला. डोक्यावर हंडा तर नकोच.

घरच्यांसाठी दोन शब्द

घरात दोन प्रकार दिसतात. एकीकडे "आई, तुम्ही हलूच नका," असं म्हणून सगळं हातात देतात. दुसरीकडे टाके निघाले की लगेच गुरांचं पाणी. दोन्हीने नुकसानच होतं. सासूबाईंना बसून भाजी निवडू द्या, ओट्यापाशी उभ्याने चहा करू द्या. चालताना त्यांचा दंड पकडून ओढू नका. शेजारी, किंचित मागे चाला. लागलं तर त्यांना तुमचा हात धरू द्या. आधार कधी घ्यायचा हे त्यांना ठरवता आलं, की भरवसा लवकर येतो.

आणि गटाने काय करायचं?

आपल्या एका गटातल्या काकू ऑपरेशननंतर सात महिने बैठकीला आल्या नाहीत. बचत नातवाच्या हातून वेळेवर यायची, पण काकू नाहीत. सचिवताई सोबत घेऊन मी घरी गेले. काकू घरात काठीशिवाय चालत होत्या! मग बैठकीला का नाही? बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "सगळ्या सतरंजीवर बसणार आणि मी एकटी खुर्चीवर? पाटलीण बसल्यासारखं दिसतं. आणि वाटेत तो उतार."

गटाने ठरवलं, बैठकीत तीन खुर्च्या ठेवायच्या, ज्यांचे गुडघे दुखतात त्या सगळ्या बसतील. आणि शेजारच्या दोघी काकूंना घ्यायला जातील. काकू आल्या. आजही उतारावर त्या काठी घेतात आणि शेजारणीच्या खांद्यावर हात ठेवतात. पण सहीला आता नातू येत नाही.

दशसूत्रीत आरोग्याचं सूत्र आपण दर बैठकीला म्हणतो. ते पाळायचं असं:

1. बैठकीच्या जागी खुर्ची. मागायला लावू नका, आधीच ठेवा.
2. ऑपरेशन झालेल्या सदस्येला ठरलेले महिने गैरहजेरीचा दंड नाही, असा ठराव लिहून घ्या.
3. एक सोबतीण ठरवा. ती रोज दहा मिनिटं सोबत चालेल.
4. चालण्याचा टप्पा बचतीसारखा वाढवा. पहिल्या आठवड्यात पडवी, मग अंगण, मग शेजारचं घर, मग किराणा दुकान, मग बैठक, शेवटी बाजार. कुठवर गेलो ते वहीत लिहा. मागचं पान उलटून बघितलं की आपण किती पुढे आलो ते कळतं.
5. अजून ऑपरेशन व्हायचं असेल तर मांडीचे व्यायाम आत्तापासून सुरू करा. आधीची ताकद नंतर कामी येते. शासकीय योजनेत बसतं का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्रांना आधीच विचारा. कर्ज काढायचं असेल तर त्यानंतर.

हे दिसलं तर थांबू नका

ताप, जखमेतून पाणी किंवा पू, लाली वाढणं, पोटरी सुजून दुखणं, गुडघा अचानक न पेलणं, यातलं काहीही दिसलं तर लगेच डॉक्टर गाठा. अचानक दम लागला किंवा छातीत दुखलं तर १०८ ला फोन करा. उठल्यावर चक्कर येत असेल तर बीपी-साखरेच्या गोळ्यांबद्दल विचारा. दरवेळी दोष गुडघ्याचा नसतो. आणि पुढे कधीही दाताचं, लघवीचं दुखणं झालं तर त्या डॉक्टरांना "माझा गुडघा बदललाय" हे सांगायला विसरू नका.

पुढच्या बैठकीत हा लेख मोठ्याने वाचा. वाचून झाला की एकच प्रश्न विचारा: आपल्या गटातली कोण सदस्या गुडघ्यामुळे घरात बसलीय? तिचं नाव निघालं की त्याच दिवशी दोघींनी तिच्याकडे जायचं. जाताना पायऱ्यांचा तो नियम तेवढा पाठ करून जा.

तुमची,
क्षेत्र समन्वयक