मोटारखाना : आधीं कोरडा, मग सुंदर

समुद्र व सावित्रीची खाडी यांच्या सान्निध्यांत वसलेल्या हरिहरेश्वरासारख्या गांवीं शर्यतीच्या धर्तीची बसकी मोटार ठेवावयाची झाल्यास जुना मोटारखाना कसा सुधारावा, याचा आम्ही येथें विचार करूं.

खाऱ्या हवेंतील मीठ पत्र्यावर बसतें, ओलावा धरून ठेवतें आणि लोखंडास गंज चढवितें. म्हणून भिंतींस समोरासमोर झरोके असावे; दारें लावून ओल कोंडणें हें संरक्षण नव्हे. जमीन अंगणाहून उंच घ्यावी. परंतु अशा मोटारीचें पोट जमिनीलगत असतें, म्हणून दारापुढील चढ लांब व सौम्य ठेवावा. जांभ्याच्या भिंतींस चुन्याचा गिलावा बरा. तो ओल बाहेर जाऊं देतो. छप्पर भिंतींशीं लोखंडी पट्ट्यांनीं जखडावें. ३ जून २०२० रोजीं ‘निसर्ग’ वादळानें याच किनाऱ्यावरील कितीएक घरांचीं छपरें उडविलीं.

सर्वांत महत्त्वाचें हें कीं, मोटारखान्यांत इंजिन चालू ठेवून कदापि थांबूं नये. त्याच्या धुरांतील कार्बन मोनॉक्साइड वायूस रंग नाहीं, वास नाहीं. तो नकळत प्राण घेतो. मुलांनीं हें विशेष ध्यानांत धरावें. इतकें साधल्यावर मग रंग द्यावा, चित्रें लावावीं.