वणव्याच्या चौकशीत काय विचारावं?

6 जुलै 1994 रोजी अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात, स्टॉर्म किंग डोंगरावर, वणवा विझवायला गेलेले 14 जण मृत्युमुखी पडले. वारा वाढला, आग उतारावरून वर झेपावली आणि माथ्याकडे धावणाऱ्यांना तिने गाठलं. सुरक्षेच्या 10 नियमांपैकी 8 नियमांत कसूर झाली होती आणि धोक्याच्या 18 खुणांपैकी 12 तिथे दिसत होत्या, असं चौकशी पथकाने नोंदवलं. ते खोटं नव्हतं. पण चौकशी एवढ्यावरच थांबली, तर मेलेल्यांवर ठपका ठेवण्यापलीकडे पुढच्या तुकडीच्या हाती काही लागत नाही. ही माणसं प्रशिक्षित होती, नियम त्यांना पाठ होते. तरीही त्या दुपारी तिथे थांबणं त्यांना योग्य का वाटलं, हे विचारल्याशिवाय पुढचा जीव वाचणार नाही.

असं खोलात गेल्यावर काय हाती लागतं, ते याच दुर्घटनेत दिसलं. काहींचे मृतदेह पाठीवरच्या ओझ्यासह आणि अवजारांसह सापडले. वाचलेल्या एकाने सांगितलं, की बरीच चढण धावून गेल्यावर खांद्यावर चेनसॉ असल्याचं त्याच्या ध्यानात आलं आणि त्याही क्षणी ती जळणार नाही अशी जागा तो शोधू लागला. ओझं वेळीच टाकलं असतं तर आणखी काही जण माथ्यापर्यंत पोहोचू शकले असते, असं तपासात निघालं. 1949 साली मॉन्टानातल्या मॅन गल्चमध्ये 13 जण गेले, तिथेही प्रमुखाने सांगूनसुद्धा काहींच्या हातून अवजारं सुटली नव्हती. वर्षानुवर्षं जपलेली वस्तू घाबरलेला माणूस आपोआप टाकत नाही. ती टाकण्याचाही सराव लागतो. ‘नियम मोडला’ या शेऱ्यातून हे कधीच कळलं नसतं.

मग बेफिकीर अधिकाऱ्याला मोकळं सोडायचं का? मुळीच नाही. जाणूनबुजून केलेल्या हयगयीला शिक्षा व्हायलाच हवी, आणि आप्तांना जाब विचारण्याचा पूर्ण हक्क आहे. फक्त ती चौकशी शिकण्यासाठीच्या चौकशीपासून वेगळी असावी. दोन्हींची सरमिसळ झाली की काय होतं, ते अमेरिकेतच दिसलं. 2001 साली तिथल्या थर्टीमाइल वणव्यात 4 जण दगावले. त्यानंतर अशा मृत्यूंची स्वतंत्र महानिरीक्षकांकडून चौकशी कायद्याने सक्तीची झाली, पुढे तुकडीप्रमुखावर फौजदारी खटलाही भरला गेला. परिणाम असा, की आग विझवणारे स्वतःच्या खिशातून दायित्व विमा घेऊ लागले आणि जबाब देण्याआधी वकील गाठू लागले. खरं बोलणाराच गप्प बसला तर शिकायचं कोणाकडून?

हा प्रश्न आपल्यालाही लागू आहे. एप्रिल 2021 मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात आग विझवताना 3 वनमजूर गेले. अशा वेळी नुकसानभरपाई तर द्यायलाच हवी. त्याबरोबरच वन विभागाने वाचलेल्या मजुरांना निर्धास्तपणे बोलू द्यावं आणि त्यांचं सांगणं पुढच्या उन्हाळ्याआधी आग अडवणाऱ्या जाळरेषेवरच्या प्रत्येक हंगामी मजुरापर्यंत, त्याच्या भाषेत, पोहोचवावं.