हायब्रिड मोटार आणि घरचा हिशेब

पेट्रोलचें इंजिन आणि विजेची मोटर अशा दुहेरी शक्तीवर चालणाऱ्या हायब्रिड गाडीविषयीं सुशिक्षित कुटुंबांत हल्लीं मोठें कुतूहल आहे. ती घेणाऱ्यांची तक्रार मात्र एकच : कागदावरचा आंकडा रस्त्यावर भेटत नाहीं. तक्रार नवी नव्हे. अमेरिकेंत २००४ सालच्या टोयोटा प्रियसला सरकारी चांचणींत शहरापुरता गॅलनला ६० मैलांचा दाखला मिळाला होता. पुढें २००८ सालच्या गाड्यांपासून अधिक वेग, थंडी व वातानुकूलन यांचा विचार चांचणींत होऊं लागला, तेव्हां तोच आंकडा ४८ वर आला. गाडी तीच, परीक्षक तेवढा कडक झाला! आपल्याकडे बरीच वर्षें चालत आलेल्या चांचणींत वेग ताशीं ९० किलोमीटरांपुढें जात नाहीं, आणि गाडी धांवते ती फिरत्या रोलरांवर.

हायब्रिडचें खरें रहस्य ब्रेकांत आहे. साधी गाडी थांबते तेव्हां तिची गति उष्णता होऊन वायां जाते. ही गाडी त्या गतीचा कांहीं भाग विजेच्या रूपानें बॅटरींत सांठविते व पुन्हां निघतांना वापरते. म्हणून गर्दीच्या शहरांत ती काटकसरी. द्रुतगति मार्गावर तासन्‌तास एका वेगानें जाणाऱ्यास थांबणेंच नाहीं, मग सांठविणार काय? शिवाय वेग दुप्पट झाला कीं हवेचा विरोध चौपट होतो. शाळा, मंडई अशा दोन-दोन किलोमीटरांच्या फेऱ्यांत इंजिन तापण्यापूर्वींच प्रवास संपतो, आणि थंड इंजिन पेट्रोल अधिक पितें.

आतां पैशांचें पाहूं. समजा, गाडीसाठीं दोन लाख रुपये अधिक मोजले. वर्षाला १०,००० किलोमीटर प्रवास, पेट्रोल लिटरला १०० रुपये, आणि साधी गाडी लिटरला १४ किलोमीटर जाते. हायब्रिडनें २८ दिले, तर वर्षाला सुमारें ३५,७०० रुपये वांचून अधिक रक्कम साडेपांच वर्षांत फिटते. तिनें २० च दिले, तर बचत सुमारें २१,४०० आणि मुदत नऊ वर्षांच्या पुढें. कर्जाचें व्याज आम्हीं धरलेलेंच नाहीं! ज्यांचा प्रवास थोडा अथवा बहुतेक महामार्गावरचा, त्यांनीं हा अधिक खर्च करूं नये, असें आमचें स्पष्ट मत आहे.

गाडी आधींच दारांत असेल, तर समोरच्या पडद्यावरील आंकड्यावर विसंबूं नये. टाकी पूर्ण भरावी, किलोमीटर टिपून ठेवावे, पुन्हां पूर्ण भरतांना जितके लिटर लागले तितक्यांनीं भागावें व चार टाक्यांची सरासरी काढावी. एकत्र कुटुंबांत वहींत चालकाचें नांवहि लिहावें. चिरंजीवांचा पाय वडिलांच्या पायापेक्षां किती जड, तें त्यांत दिसेल.